एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम चालू ठेवायची की लागेल तेव्हा जोडायची? आधी तिची झोप मोजा

लक्षण असं. मी एक पत्र लिहितोय आणि ते संगणकाच्या आतल्याच डिस्कवर ठेवायचंय. 'सेव्ह ॲज' दाबलं की सगळं थिजतं. टेबलाच्या कडेला ठेवलेल्या एक्स्टर्नल डिस्कमधून घूंऽऽ असा चढत जाणारा आवाज येतो, सात-आठ सेकंद जातात आणि मग कुठे खिडकी उघडते. त्या डिस्कचा माझ्या पत्राशी काडीचाही संबंध नसतो. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच.

वर्ष-दीड वर्ष मी हे सहन केलं. मधल्या काळात केबल बदलली, पोर्ट बदलला, एकदा तर सगळा डेटा दुसरीकडे हलवून डिस्क फॉरमॅट केली. आठवडाभर फरक पडल्यासारखं वाटलं, मग पुन्हा घूंऽऽ. चार जाणकारांना विचारलं तर दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, डिस्क कायम चालू ठेव, चालू-बंद करण्यानेच ती मरते. दुसरी म्हणाली, काम झालं की काढून ठेव, उगाच रात्रंदिवस कशाला फिरवतोस? मी पहिल्या बाजूचं ऐकलं. निदान माझा तसा समज होता.

मग एके दिवशी डिस्क स्वतःपाशी जी वही ठेवते, ती उघडून पाहिली. एकूण चालू तास १४,२००. हेड (माहिती वाचणारा-लिहिणारा भाग) पार्क झाल्याच्या, म्हणजे बाजूला जाऊन बसल्याच्या नोंदी ४,१२,०००. मोटर थांबून पुन्हा सुरू झाल्याच्या नोंदी ९,८००. भागाकार केला: तासाला २९ वेळा हेड बाजूला जाऊन बसत होतं, आणि दिवसाला सोळा-सतरा वेळा चकती पूर्ण थांबून पुन्हा गती घेत होती. याला मी 'कायम चालू' म्हणत होतो! याउलट कपाटात राहणारी, आठवड्यातून एकदा जोडली जाणारी माझी दुसरी डिस्क पाच वर्षांची होती आणि तिची मोटर थांबल्याची नोंद होती ३१०.

त्यामुळे दोन्ही तटांचं म्हणणं मला आता निम्मं-निम्मं पटतं. खरोखर चालू असलेली डिस्क ठीक असते, खरोखर काढून ठेवलेलीही ठीक असते. हाल होतात ते मधल्या डिस्कचे. ती जोडलेली असते, दर थोड्या वेळाने झोपते आणि कुणीतरी तिला ढोसून उठवतं. खाली जे सांगतोय ते सगळं हा मधला प्रकार कसा ओळखायचा आणि कसा बंद करायचा, याबद्दल आहे.

'बंद' होण्याचे तीन प्रकार

लोक 'डिस्क बंद झाली' म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतात. आधी त्या सुट्या केलेल्या बऱ्या.

डिस्कमधली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२० फेरे. वाचणारं-लिहिणारं हेड चकतीला टेकत नाही. चकतीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर, पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर उंचीवर ते तरंगतं. काम नसलं की डिस्क हे हेड चकतीच्या कडेला असलेल्या उतरत्या पट्टीवर नेऊन बसवते. चकती फिरतच असते, फक्त हेड बाजूला जातं. हा पहिला प्रकार, हेड पार्किंग. दुसऱ्या प्रकारात मोटरही थांबते. आपण 'डिस्क झोपली' म्हणतो ती हीच. उठताना सात-आठ सेकंद जातात ते चकतीला पुन्हा वेग येईपर्यंतचे. तिसरा प्रकार म्हणजे वीजच तुटणं.

'कधीच बंद करू नका' हा सल्ला आला तो जुन्या डिस्कमुळे. तेव्हा मोटर थांबली की हेड चकतीवरच उतरायचं, एका राखीव पट्ट्यात. प्रत्येक चालू-बंदला थोडं घासायचं, आणि कधी कधी गुळगुळीत हेड गुळगुळीत चकतीला चिकटून बसायचं. मग मोटरला चकती हलवताच यायची नाही. अशा डिस्कना साधारण ५०,००० चालू-बंदची मर्यादा दिलेली असे. पुढे उतरती पट्टी आली, हेड चकतीला टेकेनासं झालं, आणि मर्यादा वाढली: टेबलावरच्या साध्या डिस्कना बहुतेक ३,००,००० वेळा पार्किंग, लॅपटॉपच्या आणि नॅससाठीच्या (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणाऱ्या खोक्यासाठीच्या) अनेक डिस्कना ६,००,०००. यंत्र बदललं, सल्ला मात्र तोंडी फिरत राहिला.

आता हिशेब करून पाहा. रोज एकदा जोडून काढली तर जुनी ५०,००० ची मर्यादा गाठायलाही १३७ वर्षं लागतील. म्हणजे 'लागेल तेव्हा जोडा' या पद्धतीने मोटर झिजेल ही भीती सोडून द्यायला हरकत नाही. पण दर दोन मिनिटांनी हेड पार्क होत असेल, तर दिवसाला ७२० वेळा होतं, आणि ३,००,००० चा आकडा सव्वा वर्षाच्या आतच संपतो. माझ्या डिस्कने तो कधीच मागे टाकला होता. मर्यादा ओलांडली म्हणजे दुसऱ्या दिवशी डिस्क जाते असं नाही. कंपनी तिथपर्यंत हमीने बोलते, पुढचं नशीब.

वही कशी वाचायची

या वहीला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर ती पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम पुरतो. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स आहे. यूएसबी डिस्कसाठी त्याला बहुधा 'सॅट' हा प्रकार वेगळा सांगावा लागतो. मॅकवर यूएसबीने जोडलेल्या डिस्कची वही बहुतेक वेळा सरळ उघडत नाही, वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. सगळ्यात सोपं म्हणजे डिस्क तासभर कुणाच्या तरी विंडोजच्या संगणकाला लावून आकडे टिपून घ्यायचे.

इथे मी स्वतः फसलो होतो, म्हणून सांगतो. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पायात (हेक्साडेसिमलमध्ये) दाखवतं, त्यामुळे ते वाचून एक तर घाबरायला होतं किंवा उगाच बरं वाटतं. 'फंक्शन' मेनूतल्या 'ॲडव्हान्स्ड फीचर' मध्ये जाऊन 'रॉ व्हॅल्यूज' दहाच्या पायावर आणा. नोंदींचे क्रमांकसुद्धा तिथे सोळाच्या पायातच असतात: हेड पार्किंगचा क्रमांक १९३ आहे, पण यादीत तो 'सी१' म्हणून दिसतो.

पाहायच्या नोंदी मोजक्याच. ४ म्हणजे मोटर किती वेळा थांबून सुरू झाली. ९ म्हणजे चालू तास. १९३ म्हणजे पार्किंग. १९२, यादीतली 'सी०', म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे हेडला किती वेळा घाईने पळ काढावा लागला. आणि तब्येतीसाठी ५ (खराब म्हणून बदललेल्या जागा), १९७ (वाचता न आलेल्या, निर्णय बाकी असलेल्या जागा) व १९८ (दुरुस्त न होणाऱ्या जागा). या तिन्ही शून्य असाव्यात. १९७ वाढतेय असं दिसलं तर झोपेचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डेटा दुसरीकडे न्या. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता बिनचुकीच्या डिस्कच्या ३९ पट होती, असं त्यात आढळलं.

संध्याकाळी आकडे लिहून ठेवा, प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, आणि बरोबर चोवीस तासांनी पुन्हा पाहा. प्रोग्रॅम बंद करायला सांगतोय कारण तो मागे चालू राहिला तर दर काही मिनिटांनी स्वतःच डिस्कला हात लावतो, आणि मग तुम्ही त्याचेच उद्योग मोजत बसता.

चोवीस तासांत पार्किंग पन्नासच्या आत आणि मोटर दोन-तीनदा, तर डिस्कला त्रास नाही, जशी आहे तशी वापरा. पार्किंग शेकड्यांत आणि मोटर दहाच्या वर, तर तुमचा आजार माझ्यासारखाच आहे. या माझ्या अंदाजाच्या रेघा आहेत, कुठल्या मानकातल्या नाहीत.

कोण उठवतंय ते शोधा

झोप लागते ती सेटिंगमुळे, मोडते ती कुणाच्या तरी खोडीमुळे. दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. मी आधी खोडी काढणाऱ्यापासून सुरुवात केली.

विंडोजमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' उघडून 'डिस्क' या टॅबवर जा. कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल वाचतोय ते तिथे नावानिशी दिसतं. डिस्क झोपू द्या, ती यादी समोर ठेवा आणि घूंऽऽ आवाज आला की त्या क्षणी एक्स्टर्नल डिस्कच्या अक्षरापुढे कोण आहे ते पाहा. माझ्याकडे तिघे सापडले. शोधासाठी सूची बनवणारी विंडोजची सेवा. फोटोंचा एक प्रोग्रॅम, जो डिस्कवरच्या फोल्डरवर सतत नजर ठेवून होता. आणि तिसरा, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं, तो म्हणजे 'अलीकडच्या फाइल' आणि 'क्विक ॲक्सेस' ची यादी. सेव्हची खिडकी उघडताना विंडोज त्या यादीतला प्रत्येक फोल्डर जागेवर आहे ना, ते तपासतं. त्यातला एक फोल्डर त्या झोपलेल्या डिस्कवर होता. पत्राशी संबंध नसताना डिस्क का उठायची, याचं उत्तर एवढंसं होतं. तो फोल्डर क्विक ॲक्सेसमधून काढला आणि निम्मा त्रास तिथेच संपला. फॉरमॅट करायच्या आधी हे सुचलं असतं तर एक अख्खा रविवार वाचला असता.

सूची बनवणं त्या डिस्कपुरतं बंद करता येतं: डिस्कवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि फाइलींच्या मजकुराची सूची करू देणारी तळातली खूण काढायची. मॅकवर हेच काम स्पॉटलाइट करतं. त्याच्या सेटिंगमध्ये शोधातून वगळायच्या जागांची यादी असते, तिथे डिस्क टाका. अँटिव्हायरसला मात्र डिस्क पूर्ण वगळायला सांगू नका, फक्त वेळापत्रकावरची तपासणी एका ठरावीक वेळेला ठेवा.

झोपेची सेटिंग

विंडोजच्या 'पॉवर ऑप्शन्स' मधल्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' असतं. ते बऱ्याचदा २० मिनिटांवर असतं. दिवसभर वापरायची डिस्क असेल तर ते शून्य करा, म्हणजे 'कधीच नाही'. तिथेच 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' आहे, ते बंद करा. मॅकवर 'शक्य तेव्हा हार्ड डिस्क झोपवा' अशा अर्थाची खूण ऊर्जेच्या सेटिंगमध्ये सापडते, ती काढा. लिनक्सवर यासाठी एचडीपार्म ही आज्ञा आहे. त्याच्या झोपेच्या आकड्यांची भाषा विचित्र आहे: २४० म्हणजे २० मिनिटं, २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास, आणि शून्य म्हणजे झोपच नाही.

हे सगळं करूनही डिस्क झोपत असेल तर दोष संगणकाचा नाही. एक्स्टर्नल डिस्कच्या खोक्यात यूएसबीची भाषा डिस्कच्या भाषेत बदलणारी एक चिप असते. अनेक खोक्यांत तिच्यातच स्वतःचं घड्याळ असतं, आणि ती संगणकाला न विचारता डिस्क झोपवते. डिस्कच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात बहुधा 'स्लीप टायमर' मिळतो, तो बंद करा. नसेल तर जुगाड आहे, आणि मी तोच वापरतो: विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये दर पाच मिनिटांनी त्या डिस्कवर एक ओळीची फाइल पुन्हा लिहायचं काम लावून दिलंय. वाचून भागत नाही, लिहावंच लागतं. तीच फाइल पुन्हा वाचायला गेलात तर संगणक ती स्वतःच्या स्मृतीतूनच काढून देतो आणि डिस्कला पत्ताही लागत नाही. लिहिण्यातली मध्यंतरं झोपेच्या घड्याळापेक्षा छोटी ठेवा. दर वीस मिनिटांनी लिहायला लावलंत आणि डिस्क पंधराव्या मिनिटाला झोपत असेल, तर आजार उलट तुम्हीच तयार केलात.

या जुगाडाने मोटर जागी राहते. पार्किंग थोडं कमी होतं, पूर्ण थांबत नाही. पार्किंगचा आकडा तरीही शेकड्यांनी वाढत असेल आणि डिस्क आज्ञा पाळत असेल, तर एचडीपार्ममध्ये वीजबचतीची पातळी २५४ किंवा २५५ करून पाहा. काही खोक्यांमधली चिप ही आज्ञा पुढे पोचवतच नाही. मग त्या डिस्कला कायम जोडून ठेवायचा नाद सोडावा आणि तिला कपाटवाल्या गटात टाकावं.

मग चालू कुठली आणि कपाटात कुठली?

रोज दिवसभर जिच्यावर काम होतं, चित्रपट-गाणी जिच्यावरून सगळ्यांना पुरवली जातात, ती चालू राहू द्या. फक्त तिची जात पाहून घ्या. साध्या टेबलावरच्या डिस्कच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा वर्षाला २,४०० तासांचा वापर धरलेला असतो, आणि वर्षात तास असतात ८,७६०. नॅससाठीच्या डिस्क चोवीस तासांच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. तयार एक्स्टर्नल खोक्यात कुठली बसवली आहे ते बाहेरून कळत नाही. वहीतून मॉडेलचा क्रमांक घ्या आणि त्याचं माहितीपत्रक शोधा. विजेचं म्हणाल तर अडॅप्टरवर चालणारी ३.५ इंची डिस्क नुसती फिरत राहिली तर साधारण पाच वॅट खाते, म्हणजे वर्षाला ४४ युनिट. २.५ इंची पोर्टेबल त्याच्या निम्म्याहूनही कमी.

गरम होते म्हणून बंद करावी का? वर सांगितलेल्याच २००७ च्या अभ्यासात तापमान आणि बिघाड यांचं नातं लोक समजतात तेवढं घट्ट निघालं नाही. खूप वरच्या तापमानालाच बिघाड थोडे वाढलेले दिसले. मी तरीही पन्नास अंशांच्या आत ठेवतो. डिस्क आडवी की उभी याने फरक पडत नाही, पण ती कपड्याखाली, कागदांखाली किंवा राउटरच्या डोक्यावर ठेवू नका.

बॅकअपची डिस्क मात्र काढूनच ठेवावी, आणि याचं झिजेशी काही देणंघेणं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा त्याने आतल्या डिस्कबरोबर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. संगणकाला जे अक्षर दिसतं, ते खंडणीच्या प्रोग्रॅमलाही दिसतं. विजेचा झटका आला तर एकाच पट्टीवरची दोन्ही यंत्रं एकदम जातात. आणि चुकून सगळं निवडून 'डिलीट' दाबणारं बोट आपलंच असतं.

पण इथे एक अडचण आहे, आणि 'काढून ठेवा' म्हणणारे ती सांगत नाहीत. काढून ठेवलेल्या डिस्कवर बॅकअप होत नाही. 'रविवारी घेतो' म्हणता म्हणता चार महिने जातात, माझे गेलेत. म्हणून मी दोन ठेवल्या आहेत. एक जोडलेली, तिच्यावर रोज रात्री आपोआप बॅकअप होतो. दुसरी कपाटात. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. कपाटातल्या डिस्कवरचा बॅकअप फार तर पंधरा दिवस जुना असतो, आणि कुठलाही प्रोग्रॅम तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. ज्याला फक्त एकच डिस्क परवडते, त्याने ती काढून ठेवावी आणि फोनमध्ये गजर लावावा.

काढताना होणाऱ्या चुका

लागेल तेव्हा जोडणाऱ्यांच्या डिस्क मोटर झिजून क्वचितच जातात. त्या जातात हाताळण्यामुळे. फिरत्या डिस्कला धक्का बसला तर काही नॅनोमीटरवर तरंगणारं हेड चकतीवर आपटायला वेळ लागत नाही. म्हणून क्रम असा: इजेक्ट, मग दहा सेकंद थांबणं, हाताला थरथर जाणवत नाही ना ते पाहणं, मग केबल, मग उचलणं. मुलांना हे शिकवायला वेळ लागला. मोठ्यांना जास्त लागला.

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कना मूळ सेटिंग 'क्विक रिमूव्हल' असतं, म्हणून 'आता इजेक्ट करायची गरज नाही' असं काही जण सांगतात. त्या सेटिंगमुळे विंडोज लिहायचा मजकूर स्वतःकडे साठवून ठेवत नाही, हे खरं. पण त्या क्षणी एखादा प्रोग्रॅम लिहीतच असेल तर त्याला ते वाचवत नाही. शिवाय थेट केबल ओढली की हेडला घाईने पार्क व्हावं लागतं. वीज गेलेली असते, तेव्हा फिरत्या चकतीच्या उरल्यासुरल्या गतीतूनच वीज काढून डिस्क हेड बाजूला नेते. ही सोय सुंदर आहे, पण आणीबाणीसाठी आहे. १९२ ची नोंद वाढते ती याने. तुम्ही नीट काढत असूनही ती वाढत असेल तर दोन संशयित: लॅपटॉप झोपताना यूएसबीची वीज तोडतोय, किंवा अडॅप्टरची पिन ढिली आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५७ क्रमांकाची नोंद सापडली तर डिस्क कितव्या मिनिटाला अचानक गायब झाली ते कळतं, आणि त्या वेळी लॅपटॉपचं झाकण मिटलं होतं का, हे आठवून पाहता येतं.

'डिव्हाइस वापरात आहे' म्हणून इजेक्ट होत नसेल तर भांडत बसू नका. पुन्हा रिसोर्स मॉनिटर, कोण धरून बसलंय ते पाहून तो प्रोग्रॅम बंद करा. तेही जमलं नाही तर संगणकच बंद करून मग केबल काढा.

मोठी कॉपी संपल्यावरही डिस्क बराच वेळ आत खुडबुडत राहते, हे अनेकांना बिघाडाचं लक्षण वाटतं. आजच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. अशी डिस्क आधी मजकूर एका मोकळ्या भागात उतरवून घेते आणि निवांत झाल्यावर जागच्या जागी लावते. दर वेळी कॉपी संपताच काढलीत तर हे आवरणं तुंबत जातं, आणि पुढची कॉपी रखडते. शंभर-दोनशे जीबी टाकल्यावर मी तिला अर्धा तास तशीच सोडतो.

केबल कुठल्या टोकाला काढायची, यावर माझं ठाम मत आहे: संगणकाच्या किंवा हबच्या टोकाला. पोर्टेबल डिस्कचं सॉकेट बऱ्याच वेळा तिच्या स्वतःच्या सर्किटवरच डाखलेलं असतं. ते हललं तर डेटा धडधाकट असूनही हाती लागत नाही. हब काय, नवा आणता येतो.

टिकटिक येत असेल तर

पोर्टेबल डिस्क सुरू होताना टिक, थांब, टिक असं करत असेल तर घाबरण्याआधी वीज तपासा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरची हमी देतो, ३.० चा ९०० ची, आणि चकतीला गती देताना डिस्क काही क्षण याच्या जवळपास किंवा वर जाते. अडॅप्टर नसलेल्या हबवर तीन वस्तू लावल्या की चौथी उपाशी राहते. आखूड केबल घ्या, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा. एक खुलासा: १९९ ही केबलच्या चुकांची नोंद एक्स्टर्नल डिस्कमध्ये आतली चिप आणि डिस्क यांच्यातल्या जोडणीची असते. ती शून्य आहे म्हणून यूएसबी केबल चांगली आहे, असा अर्थ निघत नाही.

चांगली केबल, चांगला पोर्ट, तरीही लयीत टिकटिक, तर तिथेच थांबा. 'एकदा अजून लावून बघू' असं दहा वेळा करण्यात उरलेली चकतीही खरवडली जाते. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जो उपाय फिरतो तो तर अजिबात नको. बाहेर काढताच आत दव जमतं.

कपाटातल्या डिस्कबद्दल एवढंच की तिला विसरू नका. दर तीन-चार महिन्यांनी जोडा, थोड्या फाइली खरोखर उघडून पाहा, आकडे टिपा. कपाटात एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क) ठेवत असाल तर जास्त सावध राहा. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो वीज नसताना हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठीचं जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक लिहिण्याची मर्यादा संपलेल्या एसएसडीकडून ३० अंशांना एक वर्ष माहिती टिकण्याची अपेक्षा ठेवतं. नवीन एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते, पण वर्षानुवर्षं न उघडायच्या फोटोंसाठी मी अजून फिरती डिस्कच वापरतो.

आता माझ्या डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, तारीख आणि तीन आकडे. क्विक ॲक्सेस साफ केल्यापासून आणि पाच मिनिटांचा जुगाड लावल्यापासून महिन्याभरात मोटर थांबली ती तीनदा, तिन्ही वेळा मीच थांबवली म्हणून. पार्किंग अजून दिवसाला चाळीस-एक होतं. ते कोण करतंय, ते अजून सापडलेलं नाही. फोटोंच्या प्रोग्रॅमवर संशय आहे.